इंजेक्शनचे दूध: तुम्ही विचारलेत म्हणून

पशुशरीरक्रियाशास्त्र शिकवतो असे सांगितले की पुण्यात समोरच्याचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीतल्या आजी असोत की नुकतीच आई झालेली भाची, विचारणे एकच: म्हशीला पान्ह्याचे इंजेक्शन देतात, ते दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात, हे खरे का? जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमीच अर्धे राहते, म्हणून ते येथे पुरते लिहितो.

मुलींपुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या इंजेक्शनात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक (हार्मोन) असते. नऊ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी आहे. मुली ज्यामुळे वयात येतात ते इस्ट्रोजेन स्टेरॉइड जातीचे, आणि या दोघांचा रासायनिकदृष्ट्या काही संबंध नाही. रक्तात टोचलेले ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरू लागते, आणि त्याचा अंश दुधात उतरून आपल्या पोटात गेलाच तर पाचकरस त्याचे डाळीतल्या प्रथिनासारखेच तुकडे करतात. प्रसूतिगृहात कळा वाढवण्यासाठी हेच औषध सलाइनमधून देतात, गोळी करून गिळायला देत नाहीत, त्याचे कारण हेच.

आता म्हशीकडे वळू, कारण खरा प्रश्न तिच्या शरीराचा आहे आणि तो मला फारसे कोणी विचारत नाही. धार काढायला बसण्यापूर्वीच दूध कासेत तयार असते. गाईच्या कासेत त्यातला साधारण पाचवा हिस्सा सडाच्या वरच्या पोकळीत उतरलेला असतो. म्हशीच्या कासेत तो जेमतेम ५ टक्के असतो. बाकीचे दूध डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांत अडकलेले असते आणि सड कितीही पिळले तरी ते खाली येत नाही. पारडाने ढुशी देऊन सड तोंडात धरला की मज्जातंतूंमधून मेंदूला वर्दी जाते, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन रक्तात सोडते आणि त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसून दूध खाली ढकलतात. गाय यासाठी मिनिटभर घेते, म्हैस बहुधा त्याहून अधिक. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका गोठ्यावर विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम बघायला लावतो: गवळी कास धुऊन सड चोळत बसलेला असतो, बादली अजून बाजूलाच असते, म्हैस रवंथ करत असते, आणि बघता बघता सुरकुतलेले सैल सड भरून ताठ होतात, त्यांची कातडी तुकतुकीत दिसू लागते. त्याआधी घाई करणाऱ्याच्या हाती चार थेंब लागतात. अनोळखी माणूस फार जवळ गेला किंवा कुत्रे अंगावर भुंकले की तीच म्हैस पान्हा चोरते.

ही चोरी अमेरिकेतल्या इली आणि पीटरसन या संशोधकांनी १९४१ मध्ये प्रयोगाने उलगडली. त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले, जवळच कागदी पिशव्या फोडल्या, आणि पान्हा अडला. (मांजराची संमती कोणी घेतली नसावी.) भीतीच्या वेळी शरीरात सुटणारे ॲड्रिनलिन नुसते टोचले तरी तेच घडले. कासेच्या एका बाजूचे मज्जातंतू तोडले, तरी पान्हा दोन्ही बाजूंना आला. म्हणजे कासेला मिळणारा हुकूम रक्तातून येतो आणि भ्यालेले जनावर तो अडवते, हे स्पष्ट झाले.

शहराच्या गोठ्यात म्हैस पान्हा का चोरते, याचे कारण मात्र सहसा मांजराइतके गमतीचे नसते. पारडू जे दूध पिते ते विकता येते. त्यातून तो टोणगा असेल तर त्याला पोसण्याचा उपयोग काहीच नाही, असा हिशेब होतो आणि पारडू आबाळीने मरते. मग पारडाविना न पान्हवणाऱ्या म्हशीला सुई टोचली जाते. सुई येण्यापूर्वी ‘फुका’ होता, म्हणजे जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकणे. तो प्रकार किळसवाणा असला तरी त्यामागचे शरीरशास्त्र खरे होते, कारण तो मार्ग ताणला की पीयूषिकेला तीच वर्दी जाते. गांधीजींना दुधाची शिसारी येण्यामागे हा फुका एक कारण होता. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने फुक्याला तर बंदी केलीच, पण दुधासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे काहीही टोचणे त्याच्या १२व्या कलमानुसार गुन्हा आहे.

इंजेक्शनाने दूध वाढते, हा गोठ्यातला समज बराचसा चुकीचा आहे. तयार असलेले दूध त्याने खाली येते. कास पुरती रिकामी झाल्यामुळे पुढच्या वेळी थोडे अधिक बनते, इतकाच लाभ. उलट रोज टोचत राहिले की कास त्या संप्रेरकाला कमी दाद देऊ लागते, आणि एखाद्या दिवशी सुई चुकली तर म्हैस पूर्वीपेक्षाही अधिक दूध अडवून धरते. त्यात हे संप्रेरक गर्भाशयालाही आकसायला लावते, आणि गोठ्यातली एकच सुई सगळ्या जनावरांना फिरत असते.

औषधावरच बंदी घाला, असे यावर सुचवले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना त्याचे उत्पादन बंद करण्याचा आदेश दिला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो रद्द केला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे औषध दुर्मिळ करणे परवडणारे नाही, आणि मला तो निकाल योग्य वाटतो.

सुईवाचून काम चालते, पण त्याची सुरुवात पहिल्या वेतापासून करावी लागते. म्हैस व्यायल्याबरोबर पारडू वेगळे करून त्याला चीक आणि दूध भांड्यातून पाजले, धारेची वेळ आणि धार काढणारा हात बदलला नाही, समोर आंबोण ठेवून कास दोन-तीन मिनिटे नीट चोळली, तर बहुतेक म्हशी पारडाविना पान्हवायला शिकतात. पारडाच्या सवयीची जुनी म्हैस शिकवणे त्याहून पुष्कळ अवघड आहे. तिच्याजवळ पारडू ठेवणे आणि त्याच्या वाट्याचे दूध त्याला पिऊ देणे हेच सोपे पडते.