काळ्या रानात ताम्हण

ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण आमच्या परभणी भागात ते ओळखणारी माणसं शोधावी लागतात. हे झाड मूळचं कोकणातलं आणि घाटातलं, ओढ्याकाठी वाढणारं. तिकडं वर्षाला 2,500 मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडं 800 च्या आसपास. तरी ते आपल्या मानवतच्या रानात लावायचंच, असं मी ठरवलं.

बी कोकणातल्या एका पाहुण्यांनी पाठवलं. ताम्हणाची बोंडं लाकडासारखी टणक असतात. वाळली की उकलतात आणि आतून पंख असलेलं हलकं बी निघतं. रात्रभर पाण्यात भिजवून ते उन्हाळ्याच्या तोंडी पिशव्यांत टाकलं. माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत समसमान घेतलं होतं. बरंच बी उगवलंच नाही, त्यामुळे टाकताना सढळ हातानं टाकावं. रोपवाटिकेतून तयार रोप घेणार असाल तर पान बघून घ्या. याच कुळातली चिनी मेंदीही जांभळी फुलते, पण ती झुडूपच राहते. ताम्हणाचं पान चांगलं वीतभर लांब होतं.

खरी कसोटी जागेची होती. पाण्याचं झाड म्हणून कालव्याच्या पाझराला लावावं, असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. तिथली माती चोपण, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. मी आखाड्याजवळ, म्हणजे रानातल्या गोठ्याजवळ, विहिरीच्या वरच्या अंगाला दोन फुटी खड्डा घेतला. काळ्या मातीत मुरूम, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली आणि आर्द्राचा पाऊस झाल्यावर रोप लावलं. शेळ्यांसाठी भोवती बाभळीची काटी केली.

काळ्या रानात झाड नुसतं तहानेनं मरत नाही. जमीन भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. म्हणून हिवाळा सरताच आळं खुरपून भेगा मातीनं बुजवायच्या आणि वर सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर द्यायचा. बुंध्याला मात्र भुसकट टेकू द्यायचं नाही, वाळवी चढते. बाजूला मडकं पुरलं, त्याच्या बुडाला भोक पाडून सुताची वात घातली. मडकं भरलं की पाणी थेंबथेंब मुळाशी जातं. मावळतीच्या बाजूला पऱ्हाट्यांची ताटी उभी केली, कारण मे महिन्यातलं दुपारनंतरचं ऊन पान करपवतं.

दुसऱ्या पावसाळ्यात शेंड्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं, पाणी जास्त झालं. चुलते अण्णा आले आणि पान उलटंपालटं करून म्हणाले, "ह्यो केवडा हाय बघ. उसावर पडतो तसाच. लोह मिळंना झालंय त्याला."

त्यांचं बरोबर होतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारलं. थोड्या दिवसांच्या अंतरानं पुन्हा फवारलं, तसं नवं पान हिरवं यायला लागलं. पुढं दरवर्षी मी शेणखतात थोडं हिराकस मिसळूनच देतो. मराठवाड्यात ताम्हण लावणाऱ्यानं पाण्याइतकीच ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

थंडीत पानं लालसर होऊन गळतात. झाड वाळलं म्हणून शेजारी उपटायला सांगत होते. ते त्याचं नेहमीचं आहे, चैत्रात पालवी फुटते. फूल नव्या फुटव्याच्या टोकाला येतं, म्हणून छाटणी पानगळ झाल्यावर, पालवीच्या आधी करावी. मी खालच्या फांद्या काढून खोड सरळ ठेवलंय. लाकूड टिकाऊ असतं, पूर्वी होड्यांना वापरायचे. मला मात्र ते तोडायचं नाही.

यंदा महाराष्ट्र दिनाच्या आसपास ते पहिल्यांदा बहरलं. सहा चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर, तुरा खालून वर उमलत गेलेला. मधमाश्या सकाळीच लागत होत्या. शाळेची पोरं बघायला आली, तेव्हा राज्यपुष्प म्हणून मी त्यांना ते अभिमानानं दाखवलं. आता बोंडं धरलीत. ती उकलली की पिशव्या भरायच्या आहेत, शाळेच्या आवारात दोन खड्डे घ्यायला गुरुजींनी होकार दिलाय.