आक्काची जागा

दिंडीत आईला सगळे आक्का म्हणायचे, हे मला तिच्या दहाव्याला कळलं. न ओळखणाऱ्या चारदोन बायका आल्या होत्या आणि माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होत्या. खरं सांगते, रागच आला. चैत्रात दिंडीप्रमुखांचा फोन आला, "आक्कांची राहुटीतली जागा दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, मी येते. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, भरून टाकली. नवऱ्याने काही म्हटलं नाही. लेकीने माळ्यावरून आज्जीची वारीची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत मेणकापड, ओव्याची पुडी, हळद, सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ.

आळंदी, पुणे ठीक गेलं. पुण्याहून सासवडचा टप्पा एकादशीचा, तीस-बत्तीस किलोमीटर, पोटात साबुदाणा आणि केळी. दिवेघाटात डोक्यावर ड्रोन घरघरत होते. एका पोरीने "मावशी, जरा हसा ना" म्हणून माझ्या गळ्यात हात टाकून फोटो घेतला, आणि मी हसलेसुद्धा. जेजुरीचा भंडारा, नीरेचं स्नान, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. पहाटे काकड्याला उठायचं, टँकरपुढे बादली धरायची, तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायकांच्या घोळक्यात चहा प्यायचा, की झालं, चाला.

आणि विसावा आला की आई सुरू. "आक्का असती तर एव्हाना गवळण म्हटली असती." "आक्काच्या नकला ऐकल्यात का गं तू?" नाही ऐकल्या. आमच्या घरातली आई नकला करत नव्हती. ती वडिलांच्या ताटात मीठ कमी पडलं तर उठून उभी राहायची, आणि तिच्या स्वतःच्या ताटात काय पडलं ते आम्ही कुणी बघितलं नाही. दिंडीतल्या बायकांना तिच्यातला चांगला वाटा मिळाला आणि आम्हाला उरलेला, असं मनात येत राहिलं. तोंडाने "माउली माउली" चाललेलंच होतं.

फलटण सोडलं तेव्हा डाव्या टाचेला आग लागली होती. विडणीपर्यंत दिंडीबरोबर होते, मग मागे पडत गेले. त्या भागात पाऊस कायम हात आखडता घेतो, त्यामुळे ऊन भाद्रपदातलं वाटावं असं. शेजारून दिंड्या जात होत्या, प्रत्येक दिंडीचा पखवाज वेगळा, आणि प्रत्येक ठेक्याला पाऊल टाकायला जावं तर टाच नको म्हणायची. चप्पल काढली तर डांबर भाजायचं, घातली तर पट्टा घासायचा. बरडच्या अलीकडे एका वस्तीपुढे बाभळीखाली बसले ती बसलेच. विठ्ठलाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

वस्तीवरची एक बाई प्लास्टिकचं टब आणि तांब्या घेऊन आली. तिशीची असेल, हाताला शेणाचा वास. विचारलं नाही, सांगितलं नाही, पाय ओढून टबात घातला. कोमट पाणी, मिठाचं. मग टाच मांडीवर घेऊन बघत म्हणाली, "फोडायचा नाही हा. सुई हाय का?"

होती की. तिने काडी पेटवून सुई तापवली, दोरा हळदीच्या तेलात बुडवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला. दोन्हीकडे बोटभर शेपूट ठेवून दातांनी तोडला. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब तिच्या परकरावर गळायला लागलं. "र्‍हाऊ द्या असाच. रात्रीत सुकतंय." मी नमस्कार करायला वाकले तर तीच आधी पायाशी वाकली आणि मी ओशाळून पाय मागे घेतला.

"तुम्ही नाही येत वारीला?"

"कुठलं वो. दोन गाया हायत, धारा कोण काढंल? तुम्ही कुणासंगं आलाय?"

"आईच्या जागेवर आलेय," म्हटलं, आणि तिथे पहिल्यांदा रडू फुटलं. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, परक्या बाईच्या टबात पाय सोडून. तिने समजूत वगैरे घातली नाही. भाकरीत पिठलं घालून गुंडाळी हातात दिली आणि आत गेली, गाय हंबरत होती. नाव विचारायचं राहिलं.

सदाशिवनगरच्या रिंगणाला घोडा धावून गेला आणि बायकांनी फुगड्या धरल्या. मला ओढलं तर मी टाच दाखवली. "आक्काला गुडघ्याचं सांगून बघितलं असतं का कुणी!" त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली. आमच्या घरी गुडघ्यांमुळे खाली न बसणारी बाई इथे फुगडी घालायची.

त्या रात्री माळशिरसला समाज आरती, सगळ्या दिंड्या पालखीपुढे उभ्या. दोन दिवस टँकर आमच्या तळाकडे फिरकला नव्हता. पालखीची शिस्त बघणाऱ्या चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला, सगळ्या दिंड्यांचे टाळ गप्प झाले, आमचे वाजतच राहिले. तक्रार आहे म्हणायची हीच रीत. मग चोपदार आले, ऐकून घेतलं. विणेकरी बुवा मला म्हणाले, "पूर्वी टाळ थांबवू लागलो की आक्का मागून कोपर मारायच्या." घरात तिने एकदाही टाळ वाजवला नाही, असं म्हणायला हरकत नाही.

राहुटीतून लेकीला फोन केला. आज्जी फुगडी घालायची, ठाऊक आहे का तुला?

"मग! मला तिनेच शिकवली, गच्चीवर. तुला सांगू नको म्हणाली होती."

"का?"

"गुडघ्यांवरून ओरडशील म्हणून."

ओरडले असते, यात शंका नाही.

पंढरपुरात रांगेला उभी राहिले नाही. कळसाचं दर्शन घेतलं, चुरमुरे-बत्तासे, बुक्का घेतला. ट्रकमध्ये सामान चढवताना दिंडीप्रमुखांनी पुढच्या वर्षीचं विचारलं. दोघींची जागा धरा म्हटलं. लेकीला अजून सांगितलेलं नाही. ती कॉलेजवरून ओरडणार.