तुम्ही विचारलंत म्हणून : एवढे पैसे नक्की कशाचे घेतात?

ठाण्यातल्या काही हॉटेलांचे हिशेब मी लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. हे एकदा नातेवाइकांना कळलं की सुटका नसते. लग्नात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रश्न ठरलेला : "आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. घोडबंदरला एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात न्यायचंय. माणशी हजार-दीड हजार जातात म्हणे. एवढं असतं तरी काय तिथे? पैसे वसूल होतात का?"

'बऱ्यापैकी' म्हणजे कुठलं, ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. उडप्याच्या वरचं आणि पंचतारांकितच्या बरंच खालचं. आत मंद दिवे, भिंतीवर प्लॅस्टिकच्या वेली, मेन्यूत बोंबील फ्राय आणि बाओ एकाच पानावर, काळा एप्रन लावलेली मुलं. लोक चपला घालून येतात आणि बिल मात्र बूट घातल्यासारखं भरतात.

नावं सांगणार नाही. ज्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत त्यांचं नाव घेतलं तर ती जाहिरात, आणि ज्यांच्या नाहीत त्यांचं घेतलं तर माझेच क्लायंट रुसायचे. पण वह्या चाळून एक गोष्ट कळते ती सांगते. मेन्यूवर दर पदार्थाचे छापलेले असले, तरी ही हॉटेलं विकतात ते टेबल. दीड-दोन तास निवांत बसायची जागा. हे डोक्यात ठेवलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

माझी आत्या दाल खिचडीचा दर वाचून दर वेळी म्हणते, "घरी पन्नास रुपयांत पातेलंभर होते." खरं आहे तिचं. अशा हॉटेलात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहावा, असं मालक धरून चालतात. उरलेल्यात भाडं, पगार, वीज, गॅस, दुरुस्त्या, फुटलेल्या बश्या. स्टेशनजवळची मामलेदार मिसळ घ्या. बसलात, खाल्लीत, पाणी प्यायलात, उठलात. तोवर तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून कुणीतरी उभंच असतं. तासाभरात एका बाकावर किती जण बसून जातात! आता समजा, हिरानंदानी इस्टेटच्या बाजूला साठ खुर्च्यांचं हॉटेल आहे. शनिवारी रात्री त्या खुर्च्या जेमतेम दोनदा भरतात. सोमवारी निम्म्याही भरत नाहीत, कारण सोमवार अनेकांचा उपासाचा, निदान मांसाहार न करण्याचा. भाडं मात्र सातही वारांचं. खिचडीच्या वाडग्यात तो रिकामा सोमवारसुद्धा असतो.

त्यात आणखी एक गोम आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते. 15 नोव्हेंबर 2017 पासून रेस्टॉरंटवरचा जीएसटी 5 टक्के झाला. त्याआधी एसी हॉटेलात 18 टक्के लागायचा, बिनएसीत 12. गिऱ्हाईक खूश झालं. पण त्याच वेळी हॉटेलवाल्यांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणं बंद झालं. दुकानाच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी भरायचा आणि तो कुठेही वळता करून घ्यायचा नाही. मग तो जाणार कुठे? मेन्यूत. बिलाच्या तळाशी कर कमी दिसला आणि वरच्या रकान्यात दर थोडे सरकले. ज्या बड्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये अजूनही 18 टक्केच लागतात, वजावटीसकट. आपल्या घोडबंदरच्या हॉटेलाशी त्याचा संबंध नाही, पण कुणी तुम्हाला लग्नाच्या वाढदिवसाला तिकडे ओढत असेल तर हिशेबात धरा.

आता, टेबल विकत घेतोय म्हटल्यावर ते नीट निवडून घ्यायला नको का? आईबाबांना शनिवारी साडेआठला नेणं म्हणजे माझ्या मते पैसे पाण्यात. कापूरबावडीपासून पातलीपाड्यापर्यंत मेट्रोच्या खांबांमधून रांगत जायचं, दाराशी नाव लिहायचं, "वीस मिनिटं, सर" ऐकायचं आणि बाबांनी सोफ्याच्या कडेवर अवघडून बसायचं. आत गेल्यावर किचन घामाघूम, कॅप्टनला, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरला, मान वर करायला फुरसत नाही. बुधवारी जा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपल्याकडचे मासे-मटणाचे वार. त्यातला बुधवार सगळ्यांत शांत. सव्वासातला पोचा. त्या वेळी तुमच्याशी बोलायला माणसाकडे वेळ असतो, आणि तुम्ही पैसे मोजताय ते त्याच वेळेचे.

फोन करून टेबल सांगताना तीन-चार गोष्टी स्पष्ट मागा, संकोच करू नका. स्पीकरखालची जागा नको. एसीचा झोत मानेवर नको. उंच स्टूलवालं टेबल तर अजिबात नको. सत्तरीच्या माणसाला त्यावर चढवायचं आणि उतरवायचं म्हणजे काय दिव्य असतं ते एकदा पाहा. पाठ टेकता येईल अशी भिंतीकडची खुर्ची बाबांना आणि स्वच्छतागृहाची वाट पायऱ्यांशिवाय. हे सगळं मागितल्यावर पलीकडचा माणूस कंटाळून "आल्यावर बघू" म्हणाला, तर दुसरीकडे फोन करा. माझी तरी हॉटेल ओळखायची पहिली खूण तीच. चव नंतर.

दुसरी खूण छापील मेन्यू. टेबलावर चिकटवलेला तो चौकोन स्कॅन करा म्हणतात, आणि आई पर्समधून चष्मा काढून मोबाइल लांब-जवळ करत बसते. शेवटी ती म्हणते, "तुम्हीच मागवा काहीतरी." झालं, पन्नास वर्षांच्या संसाराच्या जेवणात तिची निवडच गेली. कार्ड मागा. बहुतेक ठिकाणी काउंटरमागे ठेवलेली असतात. चांगल्या हॉटेलातला मुलगा पांढरे केस पाहूनच ते घेऊन येतो, आणि सोबत मोबाइलचा टॉर्च लावून धरतो, कारण त्या मंद दिव्यांत तरण्यांनाही काही दिसत नाही. हे दिव्यांचं खूळ कुणी काढलं देव जाणे.

मग मासे. ठाणेकर माणूस अशा हॉटेलात गेला आणि त्याने मासे मागवले नाहीत असं क्वचितच होतं. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. या दोन महिन्यांत पापलेट-सुरमईचं ताट समोर आलं, तर तो मासा फ्रीजरमधला किंवा लांबच्या किनाऱ्यावरून आलेला. फसवणूक नाही ती, पण दर ताज्याचाच लागतो. पावसाळ्यात मी कोळंबी मागवते, ती बरीचशी शेततळ्यातली असते आणि बारमाही मिळते. पापलेटसमोर मेन्यूत आकडा नसतो, 'एपीएस' लिहिलेलं असतं, म्हणजे आकारमानानुसार. इथे भिडस्तपणा महागात पडतो. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलंय, तेव्हापासून त्याच्या तोऱ्यात काही फरक पडलाय असं नाही, तो आधीपासूनच होता. मासा ताटलीत घालून दाखवायला सांगा, दर विचारा, मगच हो म्हणा. चांगला कॅप्टन स्वतःहून दाखवतो.

पण किचन कसं आहे ते कळायला मी पहिल्यांदा बोंबील मागवते. बोंबील मुळात पाणीदार. साफ करून, चिरून, वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढावं लागतं. मग रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तळायचा. तव्यातून उतरला की पाच मिनिटांत खायला हवा. किचनच्या खिडकीत तो जरा जास्त ताटकळला की आतून पाणी सुटतं आणि वरचं कवच लोळागोळा होतं. मसाला कसाही असो, बोंबील कुरकुरीत आला म्हणजे आतला आणि बाहेरचा माणूस एकमेकांशी बोलतात, एवढं नक्की. मऊ आला तर पुढची ऑर्डर थोडी थोडी द्या. सोलकढीबद्दल एवढंच : रंग फारच गुलाबी दिसला तर मी ताक मागवते.

आपल्या मोठ्या माणसांना ताटात सगळं एकदम लागतं. स्टार्टर संपले, ताटल्या गेल्या, मग वीस मिनिटांनी भाजी, नंतर भात, हा प्रकार बाबांना परका. "भाकरी, कालवण, भात एकत्र आणा" असं ऑर्डर देतानाच सांगा. नंतर सांगितलं तर किचनमध्ये चिठ्ठी पुढे गेलेली असते.

पाण्यावरून वाद घालू नका. "छापील किमतीपेक्षा जास्त कसे घेता?" म्हणून माझे एक मामा जिथे तिथे भांडायचे. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीची मर्यादा लागू नाही. तिथे तुम्ही बाटलीसोबत बसायची जागा आणि सेवाही घेत असता. टेबलाचा मुद्दा पुन्हा आलाच. साधं पाणी मागावं, ते आणून देतात.

सर्व्हिस चार्जची गोष्ट मात्र वेगळी. समजा जेवण चार हजारांचं झालं. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला, म्हणजे चारशे. मग 5 टक्के जीएसटी लागतो तो चार हजार चारशेवर, म्हणजे दोनशे वीस. एकूण 4,620. सर्व्हिस चार्ज काढला की 4,200. लोकांना वाटतं हा सरकारी कर आहे. तसा तो नाही, हॉटेलने लावलेली रक्कम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या : बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, सक्ती करायची नाही. हॉटेल संघटना न्यायालयात गेल्या, सूचनांना स्थगिती मिळाली, आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. संघटना पुढे अपिलात गेल्या आहेत. माझ्या दिराने एका ठिकाणी तो काढायला सांगितला, तर मॅनेजर म्हणाला, "सर, सिस्टिममधून निघत नाही." दीर शांतपणे म्हणाला, "मग 1915 ला फोन लावून विचारू का, कसा काढायचा?" ग्राहक हेल्पलाइनचा तो नंबर ऐकला आणि दोन मिनिटांत नवं बिल आलं.

बिलाचा कागद हातात आहे तोवर आणखी दोन ठिकाणी नजर टाका. अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक बिलावर छापणं जानेवारी 2022 पासून सक्तीचं आहे. आणि जीएसटी लावला असेल तर 15 अक्षर-आकड्यांचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा. नंबर नाही आणि कर मात्र लावलाय, असं दिसलं तर विचारा. कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर ठोक दराने कर भरायच्या योजनेतल्या छोट्या हॉटेलांना गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, तो त्यांनी स्वतःच्या गल्ल्यातून भरायचा असतो. दारू घेतली असेल तर तिच्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो; दोन्ही रकमा वेगळ्या दाखवल्यात ना, ते पाहा.

काही बिघडलं तर तिथेच सांगा. आपली पद्धत अशी की कॅप्टनने "सगळं ठीक ना?" विचारलं की आपण मान डोलावतो, आणि तीन हात नाक्यापर्यंत गाडीत मटण चिवट होतं यावर चर्चा करतो. दोन घास खाऊन सांगितलंत तर बदलून देतात. पूर्ण ताटली संपवून सांगितलंत तर तेही माणसंच आहेत.

टिप रोख द्या. यूपीआयने बिलात मिळवून दिलीत तर ती आधी मालकाच्या खात्यात जाते, माझ्या वहीत 'कर्मचाऱ्यांचं देणं' म्हणून बसते आणि मुलांच्या हातात महिनाअखेरीला पडते, पडली तर. रोख टिप बऱ्याच ठिकाणी डब्यात टाकतात आणि रात्री वाटतात, त्यात भांडी घासणाऱ्याचाही वाटा असतो. तेव्हा निघताना पाकिटात शंभराच्या दोन-तीन नोटा असू द्या.