दुर्गाबाईंचा दुसरा व्यवसाय

स्मरणिका समितीने मनोगत मागितलं, तेव्हा वर्गातल्या गमतीजमतींऐवजी आज शाळेत असलेल्या मुलामुलींच्या उपयोगाचं काही लिहावं असं ठरवलं. स्नेहसंमेलनात छान काम करणाऱ्या मुलीला आपण ‘मोठेपणी नटी होणार’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. लघुपट आणि जाहिरातपटांच्या निर्मितीत वावरल्यामुळे त्यापुढचं, म्हणजे नटी स्वतःची निर्मितीसंस्थाही चालवू शकते हे सांगावंसं वाटतं. त्यासाठी अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जन्म 1905, मुंबईचा. घरची आर्थिक घडी विस्कटल्यावर त्या सिनेमात आल्या. 1932 मध्ये ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट आला, त्यात त्या तारामती होत्या. तेव्हा पार्श्वगायन, म्हणजे गाणं आधी वेगळं ध्वनिमुद्रित करणं, नव्हतं. कॅमेरा सुरू झाला की नटाने तिथेच गायचं आणि वादकांनी चौकटीबाहेर, पण माइकच्या टप्प्यात बसायचं. सूर चुकला किंवा कुणी खोकलं, की अख्खा शॉट वाया, कारण आवाज नंतर दुरुस्त करायची सोय नव्हती. वर हाच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित झाला. या शिस्तीतून गेलेल्या नटीला कच्च्या फिल्मची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

1933 मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्याला आली. लॉ कॉलेज रस्त्यावर जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच ती जागा. सुतारकाम, कपडेपट, रसायनशाळा, संकलन, सगळं एका आवारात. त्यांचा 1936 चा ‘अमरज्योती’ हा चित्रपट इथलाच. बहुतेक कलाकार एकाच कंपनीच्या मासिक पगारावर असत त्या काळात दुर्गाबाई ‘प्रभात’बाहेर कलकत्त्याच्या कंपन्यांतही काम करत होत्या. अनेक ठिकाणची कामाची रीत पाहिलेला माणूसच पुढे स्वतःची कंपनी नीट चालवू शकतो, असं माझं मत आहे. 1937 मध्ये त्यांनी ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती केली, आणि पुढे लघुपट व जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था उभारली.

फिल्मच्या काळात हा धंदा बाहेरून दिसायचा त्याहून फार बारीक हिशेबाचा होता. दूरदर्शनवर जाहिराती 1976 मध्ये सुरू झाल्या. तोवर जाहिरातपट म्हणजे थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवायची फिल्म. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. म्हणजे एका मिनिटाच्या जाहिरातीला पडद्यावर 90 फूट लागत, पण चित्रीकरणाला दसपट, 900 फूट धरावी लागे. लहान मूल, जनावर, ओतलं जाणारं दूध आणि साबणाचा फेस यांपैकी काही असेल तर त्याहून जास्त. 400 फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपे आणि प्रत्येक रिळाच्या शेवटी निरुपयोगी तुकडा उरे, म्हणून 900 फुटांना तीन रिळं आणावी लागत.

सगळ्यात महाग पडणारी चूक इवलीशी असे. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो त्या खिडकीत, फिल्मचा बारीक कपचा अडके आणि केसासारखा प्रत्येक चौकटीच्या (फ्रेमच्या) कडेला उमटे. चित्रीकरणाच्या वेळी तो दिसत नसे; दुसऱ्या दिवशी रशेसमध्ये, म्हणजे धुऊन आलेल्या कच्च्या चित्रणात, दिसे, तोवर सेट मोडलेला असे. म्हणून शॉट ‘ओके’ झाला, की गेट उघडून पाहिल्याशिवाय लाइट हलवत नसत.

दुसरी गोष्ट आवाजाची. प्रिंटवर, म्हणजे थिएटरात दाखवायच्या फिल्मच्या प्रतीवर, आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढे छापलेली असे, कारण चित्र प्रोजेक्टरच्या गेटपाशी थांबत थांबत सरकतं, तर आवाजाला संथ, अखंड गती लागते. थिएटरात ऑपरेटर एकापाठोपाठ एक जाहिराती जोडे, तेव्हा सुरुवातीच्या 20 चौकटींचा आवाज कापला जाई. सेकंदाला चौकटी 24, म्हणजे जवळजवळ पहिला सेकंदच गेला. त्यामुळे पहिल्या सेकंदात शब्द ठेवत नसत, मालाचं नाव तर नाहीच.

प्रिंटचा खर्चही सुरुवातीलाच मांडावा लागे. 50 थिएटरांना एकाच वेळी 50 प्रिंट, म्हणजे 4,500 फूट पॉझिटिव्ह (प्रिंट छापायची फिल्म). थिएटरातल्या जाहिरातीलाही सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागे आणि त्यावर लांबी लिहिलेली असे, म्हणून नंतर ‘जरा दोन वाक्यं बदला’ म्हणणाऱ्या ग्राहकाला आधीच पटकथेवर सही करायला लावत.

खरी ओढाताण पैशाची. कच्ची फिल्म, स्टुडिओचं भाडं, लाइटवाले, रंगभूषा यांचे पैसे लगेच द्यावे लागत आणि ग्राहकाचं बिल मात्र महिनोन्महिने रेंगाळे. निम्मी रक्कम चित्रीकरणाआधी हातात घ्यावी आणि एका कामाचे पैसे दुसऱ्यात घालू नयेत. घातले, की पहिल्या ग्राहकाच्या प्रिंट लॅबमध्ये अडकत आणि तो ग्राहक परत येत नसे.

संस्था चालवताना दुर्गाबाईंनी अभिनय सोडला नाही. ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई 1960 ची, ‘बिदाई’ 1974 चा, फाळके पुरस्कार 1983 चा. आणि 1988 मध्ये दूरदर्शनवर घराघरांत पोचलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.