मामांबरोबर ऐरोलीच्या खाडीत

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने निघाले की दिघा गाव मागे पडून थोड्याच वेळात ऐरोली येते. हा मार्ग प्रवाशांसाठी 2004 मध्ये खुला झाला; त्यापूर्वी या औद्योगिक पट्ट्यात कामाला येणारी माणसे ठाणे-बेलापूर रस्त्याने बसमधून ये-जा करीत, आणि नौदलातून निवृत्त झालेले माझे मामा त्यांच्यापैकीच एक होते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी त्यांना ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन गेले. निमित्त रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, होते, परंतु मला मामांना पाण्यावर पाहायचे होते, कारण त्यांच्या समुद्रावरच्या दिवसांविषयी मी आजवर जे काही ऐकले होते ते सारे त्यांच्या घरातल्या पलंगावर बसून ऐकलेले होते.

केंद्रातून बोटी सुटतात त्या घड्याळ पाहून नव्हे, तर भरती पाहून. ओहोटीला खाडीचा मोठा भाग उघडा पडतो आणि त्या चिखलातले शेवाळ व सूक्ष्म जीव खाण्यासाठी रोहित पक्षी तेथे उतरतात. बोटीला मात्र पुरेसे पाणी लागते. दोन्ही गोष्टी जुळतील अशी वेळ रोज बदलते. मामांनी आदल्या रात्रीच भरतीचे वेळापत्रक पाहून ठेवले होते आणि सकाळी फोन करून मला सांगितले होते, "उशीर करू नकोस. पाणी कुणासाठी थांबत नाही."

बोटीत सगळे कॅमेरे घेऊन नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, सरकले आणि 74 वर्षांचे मामा मागे, यंत्राजवळ जाऊन बसले. पुढे जागा आहे असे मी त्यांना सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "मला इथंच बरं वाटतं." ते रत्नागिरी जिल्ह्यातून विसाव्या वर्षाच्या आतच नौदलात गेले. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर यंत्रशाखेचे प्रशिक्षण घेतल्यावर त्यांची नेमणूक विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये झाली. जहाज चालवणारी वाफ तयार होते ती बॉयलर रूम जहाजाच्या पोटात असते. चार तासांचा वॉच, म्हणजे पहारा, गेज ग्लासमधल्या पाण्याच्या पातळीकडे आणि वाफेच्या दाबाकडे नजर ठेवून काढायचा, तासातासाला आकडे लॉगमध्ये लिहायचे, आणि धूर काळा होऊ द्यायचा नाही. तेव्हा ज्याला स्टोकर म्हणत त्या माणसाला समुद्र दिसे तो वॉच संपवून वर आल्यावर. हे मला त्या बोटीत बसेपर्यंत कधी सुचलेच नव्हते. नौदल म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर क्षितिज येई. मामांच्या डोळ्यांसमोर गेज ग्लास येते.

1971 च्या युद्धात विक्रांतची जी कहाणी सांगितली जाते तीत सी हॉक आणि अलिझे विमाने असतात, 4 डिसेंबरला कॉक्स बझारवर झालेला हल्ला असतो, चितगावची बंदरे आणि धावपट्ट्या असतात. मामांच्या कहाणीत बॉयलर असतो. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता आणि तो बंद ठेवूनच जहाज बंगालच्या उपसागरात उतरले होते. विमानाला उडताना समोरून वारा लागतो. वारा पडलेला असेल तर जहाजालाच वेगाने धावून तो निर्माण करावा लागतो, आणि विमान फेकणाऱ्या कॅटापुल्टलाही वाफ त्याच बॉयलरांची लागते. तीन बॉयलरांवर हे सारे भागवायचे म्हणजे खालच्या माणसांनी दाब जराही उतरू द्यायचा नाही. "विमान उडालं की वर टाळ्या वाजत असतील, आम्हाला सुई जराशी खाली येऊन परत वर चढलेली दिसायची. तेवढ्यावरून कळायचं, गेलं." मामा हे सांगत असताना ऐरोलीचा पूल मागे राहिला होता आणि उजव्या हाताला तिवरांची दाट भिंत सुरू झाली होती.

9 डिसेंबरच्या रात्री आयएनएस खुकरी ही युद्धनौका अरबी समुद्रात बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. खुकरीच्या बॉयलर रूममध्ये मामांचा लोणावळ्याचा एक सोबती होता. त्याच्या आईला मामा ती जाईपर्यंत दर महिन्याला मनीऑर्डर करीत होते, आणि ही गोष्ट मला मामांनी नव्हे, मामींनी सांगितली आहे.

पक्षी दिसले ते त्यानंतर. आधी पाण्याच्या कडेला एक फिकट गुलाबी पट्टा दिसला, मग बोट चालवणाऱ्या तांडेलाने यंत्र मंद केले आणि त्या पट्ट्यातल्या माना व वाकड्या चोची वेगवेगळ्या दिसू लागल्या. त्यांत लहान रोहित अधिक होते. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत ते या खाडीत असतात. 2015 मध्ये येथे सुमारे 1690 हेक्टरांचे अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. एकीकडे मुंबईच्या इमारती, दुसरीकडे नवी मुंबईचे कारखाने आणि मध्ये हजारोंच्या संख्येने चरणारे हे पक्षी, हे दृश्य ठाणेकराने एकदा तरी पाहायलाच हवे असे मी मनापासून म्हणेन. मामांनीही ते पाहिले, लक्ष देऊन पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की यांची पिल्ले कोठे असतात. ती बहुधा कच्छच्या रणात जन्मतात, असे मार्गदर्शकाने सांगितले. "म्हणजे हे इथं नोकरीला," मामा म्हणाले, आणि थोड्या वेळाने स्वतःहून पत्रांविषयी बोलू लागले.

लग्न झाल्यावर मामी ठाण्यात, चरईतल्या चाळीत सासूसासऱ्यांजवळ राहत आणि मामा जहाजावर. पत्रांवर पत्ता घालायचा तो फ्लीट मेल ऑफिसचा, म्हणजे नौदलाच्या टपाल कार्यालयाचा. जहाज कोठे आहे हे घरच्यांना ठाऊक नसे. पत्रे कित्येक आठवडे साठून एकदम मिळत आणि क्रमाने मिळतच नसत, म्हणून दोघांनी प्रत्येक अंतर्देशीय पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक घालायला सुरुवात केली. थोरल्या मुलाला ताप असल्याचे पत्र पोहोचण्यापूर्वी तो बरा झाल्याचे पत्र हाती पडे, आणि क्रमांक पाहून मामांना समजे की मधले एक पत्र अजून वाटेत आहे व त्यात काहीतरी काळजीचे आहे. ती सगळी पत्रे मामींनी डालड्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. मुलगा झाल्याची बातमी ज्या पत्रात होती ते त्याच्या पुढच्या दोन पत्रांनंतर मिळाले. त्या दोहोंत "बाळ" असा उल्लेख होता, पण मुलगा की मुलगी याचा पत्ता नव्हता. "बॉयलर रूममध्ये पैजा लागल्या होत्या," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच मोकळे हसले.

पंधरा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर पेन्शन मिळते, आणि मामांनी त्यापुढे एक दिवसही वाढवला नाही, कारण धाकटा शाळेत जाऊ लागला होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात त्यांना बॉयलर हाउसचे काम मिळाले. हुद्दा आणि पगार यांचा विचार केला तर जहाजावर राहणे फायद्याचे ठरले असते, असे माझे वडील नेहमी म्हणत. मला तो हिशेब पटत नाही. रात्रपाळी करून आल्यावर मुलांना शाळेत पोहोचवून मगच झोपणारा बाप माझ्या दोन्ही मामेभावांना मिळाला, आणि तो त्यांना पगारवाढीत मिळाला नसता.

गेल्या वर्षी मामींना न्यूमोनिया झाला तेव्हा मामांनी घरात वॉच लावले. फ्रिजवर तक्ता चिकटवला: मुलगे, सुना, थोरला नातू, प्रत्येकी चार तास. रात्री 12 ते पहाटे 4 हा सर्वांत जड वॉच त्यांनी कोणाला दिला नाही. ताप, ऑक्सिजन, श्वासाचा वेग हे सारे तासातासाला वहीत लिहिले जाई, आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांनी ती वही पाहिल्यावर दुसरे काहीही विचारले नाही. मामी बऱ्या झाल्या. वही अजून चालू आहे, आता त्यात त्यांचा रक्तदाब असतो.

परतीच्या वाटेवर मामांनी यंत्राकडे कान देऊन तांडेलाला हळूच काहीतरी विचारले. तांडेलाने मान डोलावली. एक इंजेक्टर बदलायचा आहे, असे तो म्हणाला. मग धक्का येईपर्यंत ते दोघे डिझेल आणि खाऱ्या पाण्याने होणाऱ्या गंजाविषयीच बोलत राहिले. नवी विक्रांत 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत नौदलात दाखल झाली तेव्हा मामांनी टीव्हीवर सारा सोहळा पाहिला होता. तिच्यात बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत, हे त्यांनी तांडेलालाही सांगितले.

घरी मामींनी विचारले, कसे होते? "पाणी उथळ आहे," मामा म्हणाले, "पण तुला आवडेल." दीवच्या किनाऱ्यावर खुकरीचे स्मारक आहे आणि तेथे जायचे त्यांच्या मनात फार दिवसांपासून आहे. मामींच्या तब्येतीमुळे ते राहून गेले होते. येत्या डिसेंबरात दोघांनाही घेऊन जायचे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. मामींनी एकच अट घातली: मुक्काम समुद्राकाठी नको, रात्रभर हे लाटा ऐकत जागे राहतील.