नाथसागरावर जाणारी आमची सहल

दिवाळीची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परतली, की पेट्या जागेवर ठेवण्याआधीच सहलीची चौकशी सुरू होत असे. जालना जिल्ह्यातल्या कर्णबधिर मुलामुलींच्या ज्या निवासी शाळेत माझी सारी नोकरी झाली, तिथे वर्षभरात कार्यक्रम पुष्कळ असत. सप्टेंबरच्या अखेरीस कर्णबधिर सप्ताह, 3 डिसेंबरला अपंग दिनाची फेरी आणि पुढे स्नेहसंमेलन असा क्रम ठरलेला होता. या सगळ्यांत मुलांचा जीव सहलीत अडकलेला असे, आणि खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांचाही. कधी वेरूळ, कधी अजिंठा असे बेत होत. पण पैठणचे जायकवाडी धरण आणि त्याचा नाथसागर हा जलाशय पाहून आल्यावर वर्गातला अभ्यास जसा पुढे सरके, तसा इतर कोणत्याही ठिकाणाहून आल्यावर सरकत नसे. म्हणून ती सहल आम्ही पुनःपुन्हा काढली.

याचे कारण मुलांच्या घरांत आहे. ऐकू येणाऱ्या मुलाला धरण म्हणजे काय हे कोणी मुद्दाम शिकवत नाही. ओट्यावर बसलेली मोठी माणसे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, धरण किती टक्के भरले, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतांना पाणी पोहोचणार की नाही याच्या गप्पा मारत असतात आणि खेळता खेळता ते सगळे मुलाच्या कानावर पडत राहते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेली. घरी खुणा होत त्या जेवण, झोप, शाळा, ताप एवढ्यापुरत्या. पाटाच्या काठावर वाढलेल्या मुलालाही हे पाणी कुठून येते, कोण सोडते आणि मधेच बंद का होते, हे कोणी सांगितलेले नसे, कारण सांगण्याजोगी भाषाच घरात नव्हती. अशा मुलापुढे भूगोलाचे पुस्तक उघडून ‘धरण’ असे फळ्यावर लिहिल्याने काही साधत नाही. आधी पाहिले पाहिजे, हात लावला पाहिजे. मग शब्द त्याला जाऊन चिकटतो आणि टिकतो.

सहलीची तयारी पंधरवडाभर आधी सुरू होई. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, पालकांची संमतिपत्रे, एसटीची बस आणि पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी ही कामे मुख्याध्यापक पाहत. मुलांची तयारी आमच्याकडे असे. प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके पाडून ती पाण्याने भरली, की खालच्या भोकातली धार सर्वांत जोरात उडते. पाण्याची खोली वाढते तसा दाब वाढतो, हे त्यावरून मुलांना एका नजरेत समजे. मग मैदानाच्या कोपऱ्यात मातीचा बांध घालायचा. मुले पहिल्यांदा नेहमी सरळसोट, अरुंद भिंत उभी करत. बादलीभर पाणी ओतले की ती खालून फुटे. पुन्हा घालताना कोणीतरी पायथा रुंद करी, कोणी काळी चिकण माती मधोमध दाबून बसवी आणि बाहेरून मुरूम घाली. मातीची मोठी धरणे नेमकी अशीच असतात. आत पाणी झिरपू न देणारा काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरुमाचा भराव आणि पाण्याच्या अंगाला लाटांचा मारा झेलणारे दगडी पिचिंग. धरणावर पोहोचल्यावर ते पिचिंग पाहून मुले एकमेकांना कोपराने ढोसत आणि आपल्या मैदानातल्या बांधाची आठवण करून देत.

पहाटेच्या थंडीत बस निघे. अंबड, पाचोड, पैठण असा रस्ता. अंबडला टेकडीवरची मत्स्योदरी देवी दिसली की मुले बसमधूनच हात जोडत, आणि पुढे मोसंबीच्या बागा लागल्या की खिडक्यांना गर्दी होई. आमच्या बसमध्ये भेंड्या नसत, पण शांतताही नसे. पत्र्यावर आणि बाकांवर थापा पडत, त्यांचा ठेका पायांखालून सगळ्यांना जाणवे आणि त्या ठेक्यावर मागची रांग नाचे. मुले जास्त असली तर दोन बसगाड्या घ्याव्या लागत. अशा वेळी एका बसच्या मागच्या काचेतून आणि दुसऱ्या बसच्या पुढच्या काचेतून, मध्ये तीस-चाळीस फुटांचे अंतर असताना, गप्पा रंगलेल्या असत. पुढच्या बसमध्ये कोणाला उलटी झाली, कोणाच्या डब्यात काय आहे, हे मागच्या बसला गाव येण्याआधीच कळलेले असे. परतीच्या प्रवासात अंधार पडला की मात्र अडचण येई. आतले दिवे लावले तर पुढच्या काचेवर उजेड पडतो म्हणून चालकदादा ते बंद करायला सांगत, आणि दिवे बंद केले की मुलांचे बोलणेच बंद. शेवटी चालकदादांच्या मागे एक चादर आडवी बांधायची आणि मागच्या भागातला दिवा चालू ठेवायचा, असा तोडगा निघाला. पुढे तो दरवर्षीचा रिवाज झाला आणि चादर सहलीच्या सामानाच्या यादीत चढली.

पैठणला गोदावरी अडवून केलेले हे धरण लांबीला सुमारे 10 किलोमीटर आहे. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. मधल्या काळात बहात्तरचा दुष्काळ येऊन गेला. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर जाते, एकूण साठा 2909 दशलक्ष घनमीटर होतो. हे आकडे तिथले शाखा अभियंता साहेब सांगत आणि आम्ही ते हातांनी मुलांपर्यंत पोहोचवत असू. मुलांना आकड्यांपेक्षा आधी भिंतीचे टोक हवे असे. डोळ्यांवर हात धरून ती एका दिशेला पाहत, टोक दिसत नाही म्हणून दुसऱ्या दिशेला वळत, आणि मग 10 हा आकडा पुन्हा विचारत. सांडव्याचे 27 दरवाजे मात्र प्रत्येकाने बोटाने मोजलेच पाहिजेत असा त्यांचा हट्ट असे. मोजणी चुकली की भांडण, आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथे समजावून सांगण्याची एक वेगळीच शिस्त लागते, आणि ती ठाऊक नसलेल्या माणसाला आमची सहल फार संथ वाटली असती. ऐकणारे मूल पाण्याकडे पाहत पाहत गुरुजींचे बोलणे ऐकू शकते. आमच्या मुलाला एक तर पाणी पाहता येते, नाही तर बोलणारे हात; दोन्ही एकाच वेळी नाही. म्हणून आधी मनसोक्त पाहू द्यायचे, मग हात हलवून सर्वांना वळवायचे, सांगायचे, आणि पुन्हा पाहायला सोडायचे. सांगणाऱ्याच्या तोंडावर ऊन हवे. सूर्य त्याच्या पाठीशी असला की चेहरा काळवंडतो, ओठ वाचता येत नाहीत, खुणाही नीट दिसत नाहीत. नाथसागराच्या पाण्यावरून उठणारी चमक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मुलांना पाण्याकडे पाठ करून उभे करावे लागे. या सगळ्यात वेळ दुप्पट लागतो, पण तो वेळ दिला की मुले जे प्रश्न विचारतात ते ऐकून अनुभवी अभियंतेही थबकत. एका साहेबांनी तर जेवणाची सुट्टी सोडून, मातीत काडीने रेघोट्या ओढून, दरवाजा कसा उचलला जातो ते मुलांना दाखवले होते.

सहल हिवाळ्यातली असल्याने सांडव्याचे दरवाजे बंद असत, पण रब्बीचे आवर्तन सुरू असेल तर डाव्या कालव्याच्या मुखाशी पाणी उसळताना दिसे. तिथल्या लोखंडी कठड्याला हात लावला की आतली थरथर तळहातात येते. मुले रांगेने कठडा धरून उभी राहत. कोणी तळहात टेकवी, कोणी कपाळ, आणि हात काढून पुन्हा लावून पाही. घनसावंगी तालुक्यातला एक मुलगा असाच बराच वेळ उभा होता. त्यांचे शेत कालव्याखाली होते, वर्षानुवर्षे तो चारीच्या पाण्यात खेळला होता. डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि पैठणहून अंबड, घनसावंगीच्या शिवारातून पुढे परभणीकडे जातो, हे नकाशावर बोट फिरवून दाखवले तेव्हा त्याने माझे बोट धरून मध्येच थांबवले. आपले शेत, असे त्याने खुणेने सांगितले. मग कालव्याच्या मुखाकडे हात केला, नकाशावरची निळी रेघ पुन्हा गिरवली आणि वडिलांच्या मिशीची खूण करून, हे त्यांना माहीत आहे का, असे विचारले. माहीत आहे, असे मी सांगितल्यावर त्याला आनंद झाला आणि रागही आला. घरातल्या सर्वांना जे माहीत होते ते आपल्याला इतकी वर्षे कळले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट लिहिलेले होते. त्या सुट्टीत तो घरी गेला तेव्हा त्याने वडिलांना पाटावर नेऊन सारे समजावले. वडील पुढच्या पालकसभेला आले ते खुणा शिकायच्या आहेत असे सांगतच. माझ्या लेखी ती त्या वर्षीची सर्वांत मोठी मिळकत होती.

आणखी एक प्रसंग मी वारंवार सांगतो. दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवतात, नदीकाठच्या गावांना सावध करतात, असे साहेबांनी सांगितले. आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. भोंगा आम्हाला ऐकू येत नाही, मग आम्हाला कोण सांगणार? साहेब क्षणभर काहीच बोलले नाहीत, मग त्यांनी तो प्रश्न आपल्या वहीत लिहून घेतला. त्या दिवशी आम्ही तिथेच बसून मुलांना नियम शिकवले. धरणाखालच्या नदीपात्रात, पाणी कितीही कमी दिसले तरी, खेळायला किंवा कपडे धुवायला उतरायचे नाही; काठावरची माणसे एका दिशेने धावताना दिसली की कारण विचारत न बसता त्यांच्यामागे जायचे; शेजारच्या एका घराला आधीच सांगून ठेवायचे की पुराच्या वेळी मला हलवून उठवा. 2006 च्या ऑगस्टमध्ये प्रचंड विसर्ग सोडावा लागला आणि पैठण शहरात पाणी शिरले, तेव्हा त्या मुलीचा प्रश्न किती खरा होता हे सगळ्यांना कळले. 2023 मध्ये मोबाइलवर आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी झाली, तेव्हा आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या खिशातले फोनही थरथरले आणि दिवसभर त्यांच्यात त्याचीच चर्चा होती. धरणांवरच्या भोंग्यांबरोबर दुरून दिसणारा लाल दिवाही असावा, अशी त्यांची मागणी आहे आणि ती मला पूर्ण रास्त वाटते.

जेवण नेहमी ज्ञानेश्वर उद्यानात होई. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वाटेत घेतलेली मोसंबी असा बेत. खाताना हात गुंतलेले असल्याने जेवणाची पंगत ही आमच्याकडची सर्वांत अबोल वेळ. त्या वर्षांत उद्यान भरात होते आणि संध्याकाळपर्यंत थांबता आले तर रंगीत कारंजी पाहायला मिळत. उथळ पाण्यातले पक्षी मुलांना आमच्या आधी दिसत. कोणीतरी एकदम बाही ओढी आणि लांबवर चक्रवाकांची जोडी किंवा रोहितांचा थवा दाखवी.

परतल्यावर आठवडाभर भाषेचे तास सहलीचेच. ‘धरण पाणी अडवले’ असे मुले लिहीत. प्रत्यय कानावर न पडलेल्या मुलाला विभक्ती फार छळते. पण स्वतः पाहिलेल्या गोष्टीचे वाक्य दुरुस्त करायला मुले कंटाळत नसत. ‘धरणाने पाणी अडवले’, ‘धरणातून पाणी सोडले’, ‘धरणावर आम्ही उभे राहिलो’ अशी वाक्ये हातवाऱ्यांसह फळ्यावर चढत, आणि ‘ने’, ‘तून’, ‘वर’ यांतला फरक हातांनी करून दाखवता आला की लेखणीतही उतरे. स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनात धरणाची मातीची प्रतिकृती असे, आणि पाहुण्यांना ती मुले स्वतः समजावून देत.

2012-13 च्या दुष्काळात साठा मृतसाठ्यावर, म्हणजे कालव्यात सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्यावर, आला. त्या वर्षीही आम्ही गेलो. पाण्याच्या जागी भेगाळलेली जमीन पाहून लहान मुले घाबरली आणि पाणी कोणी नेले असे विचारू लागली. येताना वाळलेल्या मोसंबीच्या बागा त्यांनी पाहिल्याच होत्या, त्यामुळे पाऊस, धरण, कालवा आणि बाग यांची साखळी समजावण्यासाठी मला फळ्यावर चित्र काढावे लागले नाही.

आता मी निवृत्त आहे. गेली काही वर्षे सहलीबरोबर माजी विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून जातात. त्यांतला एक जण, जो आज पाणीपुरवठ्याच्या कामावर फिटर आहे, दरवाज्यांची रचना मुलांना अशा काही खुणांनी सांगतो, की आम्हा ऐकणाऱ्या शिक्षकांना तितके नेमके कधी जमले नाही. एका हाताची उभी भिंत, दुसऱ्या हाताच्या बोटांचे येऊन अडणारे पाणी, आणि मग भिंतीतून एकेक बोट वर उचलत जाणे. मागच्या वेळी पाचवीची मुले त्याला सोडायलाच तयार नव्हती. यंदाच्या सहलीचा परवानगीचा अर्ज त्यानेच लिहिला आहे आणि सामानाच्या यादीत चादर आहे की नाही हे दोनदा विचारून घेतले आहे.