तुम्ही विचारलेत म्हणून: आरशाला वीज कशाला?

"तुमचे ते आरआयएस पॅनेल म्हणजे रेडिओलहरींचा आरसाच ना? मग त्याची वीज वाचवायला संशोधन कशाला हवे?" पुण्यात हे मला नातेवाइकांपासून मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत इतक्यांनी विचारले आहे की एकदाचे लिहूनच टाकते.

आरसा म्हणणे चूक नाही. आरआयएस म्हणजे 'रीकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस', आलेली रेडिओलहर परतवणाऱ्या अनेक छोट्या घटकांचे पॅनेल. परंतु आलेली लहर हव्या त्या दिशेला वळवायची तर प्रत्येक घटकाचा फेज, म्हणजे तिथून परतणारी लहर किती पुढेमागे सरकवायची ते, ठरवावा लागतो. आमच्या पॅनेलवर ते काम प्रत्येक घटकावरचा पिन डायोड, म्हणजे विजेवर चालू-बंद होणारा छोटा स्विच, करतो आणि चालू असेपर्यंत सुमारे 10 मिलिअँपिअर घेत बसतो. माझ्या प्रस्तावात मात्र 'जवळजवळ शून्य वीज' असे शब्द होते. 2019 साली गाजलेल्या एका शोधनिबंधात, रिलेच्या (सिग्नल वाढवून पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) तुलनेत ऊर्जा-कार्यक्षमता 300 टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे दाखवले होते. त्या लेखकांनी दर घटकाची वीज हिशेबात धरली होती. मी फक्त 300 उचलले.

दुसऱ्या वर्षीच्या परीक्षणासाठी 3.5 गिगाहर्ट्झवर चालणारे, 16 गुणिले 16 घटकांचे, साधारण 70 सेंटीमीटर बाजूचे पॅनेल मी कॉरिडॉरच्या वळणावर उभे केले. आडोशाच्या अँटेनाचा सिग्नल स्क्रीनवर चढला आणि मी श्वास सोडते तोच समितीतले एक वयस्कर परीक्षक उठून पॅनेलच्या मागे गेले. त्यांनी तळहात टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. "अहो, आरसा तापत नाही," एवढेच म्हणाले. मग बुधवार पेठेतून आणलेला माझाच वॉटमीटर त्यांनी लावायला सांगितला. 14 वॅट. प्रक्षेपक बंद करायला लावला, तरी 14. कंट्रोल बोर्ड, अडॅप्टर अशी कारणे मी देत राहिले, आणि ती खोटी नव्हती.

रात्री हिशेब मांडला. 256 पैकी निम्मे डायोड चालू म्हणजे 1.28 अँपिअर, 5 व्होल्टवर 6.4 वॅट, त्यांतला सव्वा वॅटही डायोडच्या वाट्याला नव्हता, बाकीची सगळी वीज प्रवाह आवरणाऱ्या रेझिस्टरांत उष्णता होऊन जात होती. त्यांच्या तळहाताला लागले ते रेझिस्टर. पुरवठ्याचे व्होल्टेज उतरवणे मला आधी सुचायला हवे होते, हे मान्य.

व्हॅरॅक्टर (व्होल्टेज बदलून फेज हवा तसा फिरवता येणारा डायोड) वापरा, हे कृपया सांगू नका. तो स्वतः जवळजवळ प्रवाह घेत नाही, पण प्रत्येकाला वेगवेगळे व्होल्टेज पुरवणारे सर्किट घेते. पिन डायोडच ठेवून दर घटकाला दोनच फेजांवर भागवले, तर कुठलाही फेज देऊ शकणाऱ्या आदर्श पॅनेलच्या तुलनेत सिग्नलचे सुमारे 3.9 डेसिबल हातचे जातात. चार घेतले तर नुकसान 0.9 वर येते, पण डायोड वाढतात.

मला खरोखर आवडलेली युक्ती फुकटची आहे: सगळे चालू डायोड बंद आणि बंद ते चालू केले, तरी वळलेल्या लहरीची ताकद तीच राहते, म्हणून चालू-बंदच्या या दोन मांडण्यांपैकी कमी डायोड चालू ठेवणारी निवडावी. फक्त थेट सिग्नलही पोहोचत असेल, तर उलटलेली लहर त्याच्यातून वजा होते. आमच्या कॉरिडॉरमध्ये थेट सिग्नल नव्हता. बाहेर रस्त्यावर तो कधी असतो, कधी बस आडवी आली की नसतो, आणि ते ओळखत राहायलाही वीज लागते.